वाचकांचे प्रश्न : एक दिवस कानाल द्यु मिदीच्या काठी

प्रश्न : येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही काही मैत्रिणी दक्षिण फ्रान्समधील ल सोमाय या गावी मुक्कामाला आहोत. एका दिवसात कानाल द्यु मिदी या कालव्यातून नावेने बेझिएजवळील फाँसेरानचे प्रसिद्ध लॉक (पाण्याची पातळी बदलून नावांना वर-खाली नेणारे, दारे असलेले हौद) पाहून परत येता येईल का? आमच्यातील एकीला फार चालवत नाही.

उत्तर : हा बेत आपण सोडावा, असे मला मनापासून वाटते. ल सोमाय ते फाँसेरान हे अंतर पाण्यावरून सुमारे 40 किलोमीटर आहे आणि या कालव्यावर नावेच्या वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटर आहे. म्हणजे नुसते पोहोचण्यातच पाच तास जातील आणि परतीचा प्रवास घड्याळाकडे पाहत करावा लागेल. सुमारे 21 मीटरचा चढउतार पार करणारी लॉकची ती पायऱ्यांसारखी रांग काठावरूनही उत्तम दिसते. ती दुसऱ्या दिवशी मोटारीने जाऊन पाहावी.

ल सोमाय ज्या टप्प्यावर वसले आहे, तो सुमारे 54 किलोमीटरचा टप्पा लॉकविना आहे. कालव्याचे निर्माते पिएर-पॉल रिके यांनी येथे चढउतार टाळून एकाच उंचीने, टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत कालवा नेला, आणि म्हणूनच येथे नाव कोठेही न थांबता संथपणे चालत राहते. कालवा 1681 मध्ये खुला झाला, तो पाहायला रिके मात्र राहिले नव्हते. आदल्याच वर्षी त्यांचे निधन झाले होते.

परवाना न लागणारी लहान नाव भाड्याने घेऊन सकाळी सेस नदीवरील जलसेतूपर्यंत जावे. तो तीन किलोमीटरच्या आतच आहे, आणि खाली नदी वाहत असताना तिच्यावरून नावेने जाण्याचा अनुभव कोणत्याही लॉकपेक्षा कमी नाही. ज्यांना चालायचे आहे त्यांनी काठच्या जुन्या वाटेने नावेसोबत चालावे. वाट सपाट आहे, आणि एवढ्या अंतरात कोणी फार मागे पडत नाही. दुपारचे जेवण सावली पाहून काठावरच करावे.

सावली पाहून, असे मुद्दाम म्हटले. 2006 पासून येथील प्लेन वृक्षांना एका बुरशीजन्य रोगाने ग्रासले असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत, त्यामुळे काही भाग उघडे पडले आहेत. हा रोग झाडांच्या जखमांतून शिरतो, म्हणून नावेचा दोर झाडाला कधीही बांधू नये. काठावर ठोकलेल्या खुंट्यांनाच बांधावा.