चौथा हिस्सा मोकळा ठेव

अरे गड्या,

तू पाठवलेला जुन्या घराच्या खर्चाच्या कागदाचा फोटो पाहिला. माळवद (तुळयांवरचं मातीचं छत) काढून स्लॅब, संडास-बाथरूम, किचन, फरशी, रंग, अन् खाली गवंड्यानं गोल आकडा टाकलाय १२ लाख. तुझ्याकडं आहेतही बाराच. आणि तू मला विचारायलास काय, तर ओट्याला ग्रॅनाईट घेऊ का दुसरं काही!

आधी बाराचे नऊ कर. तीन लाख वेगळ्या खात्यात टाक, गवंड्याला सांगू नको, भावाला सांगू नको, बायकोला सांगितलं तर चालेल पण तिच्या माहेरी जायला नको ती बातमी.

जुन्या घराचा खर्च उकरल्यावरच कळतो रे. ओसरीतल्या तुळया खालून ऑइलपेंट मारल्यामुळं टकाटक दिसतात, पण तुळईचं टोक भिंतीत जातं ना तिथं पेचकस लावून बघ, सर्रकन आत गेला तर समज वाळवीनं पोखरलंय, म्हणजे जुनं सागवान विकून पैसे येतील हा तुझा हिशोब तिथंच संपला. वरची माती खाली आली की ती हलवायला ट्रॅक्टरच्या खेपा, त्या ह्या कागदात कुठं दिसायल्यात? भिंती दगड-मातीच्या, त्यावर स्लॅब टेकवता येत नाही म्हणजे कॉलम आले, कॉलम आले म्हणजे काळ्या मातीतून मुरूम लागेपर्यंत खोदणं आलं, अन् मुरूम किती फुटावर लागंल हे गवंडीही सांगू शकत नाही. उन्हाळ्यात काम काढलंस तर स्लॅबला पाणी मारायला टँकर. म्हणून चौथा हिस्सा मोकळा.

भाऊ म्हणतोय माळवद राहू दे, वरून पत्रे टाकू अन् आत भारी फरशी करू. त्याला म्हणावं पुण्यात राहून विसरलास का? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी-सास्तुरकडं माणसं कशाखाली दबली हे आपल्या लातूर-धाराशिवकडच्यांना कामून सांगावं लागतंय? मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती अन् डोक्यावर माळवदाचा बोजा. पैसे कमी पडले तर फरशी राहू दे, रंग राहू दे, पण तो बोजा उतरव.

हो, सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला, माहीत आहे मला. पण वाळूच्या ब्रासचा अन् मजुरीचा भाव त्यानं उतरला का? ते वाचलेले पैसे ग्रॅनाईटला नको, त्या तीन लाखात टाक.

मला लोक चिंगूस म्हणतात, म्हणू दे. माझ्या ओट्याला आजही कडप्पाच आहे. आईला ओसरीत चकचकीत टाईल पाहिजे होती, शेवटपर्यंत ती शहाबादीवरच बसली, हे मला टोचतं, खोटं कशाला बोलू. पण पाया खोल गेला तेव्हा मी कुणाच्या दारात हात पसरला नाही, सोनं मोडलं नाही, स्लॅब अर्धवट टाकून गज गंजत ठेवले नाहीत. टाईल काय, कधीही बसवता येते. (बसवली नाही ते सोड.)

आता ह्या गवंड्याकडून नऊ लाखाचा कागद करून घे, आयटमवार, खोदाई वेगळी, माती उचलणं वेगळं, अन् पैसे मोजमाप झाल्यावरच. एक्स्ट्रा काम निघालं तर रेट आधी लिहून. उचल अजून दिली नाहीस ना? दिली असशील तर आज रात्रीच फोन कर.