वाचकांचे प्रश्न : उभ्या जहाजाचे भाडे

प्रश्न : माझी पुतणी स्कॉटलंडच्या लुईस बेटावर, स्टॉर्नोवे येथील रुग्णालयात परिचारिका आहे. हिवाळ्यात वादळामुळे फेरीबोट दोन-तीन दिवस आली नाही की दुकानातले दूध आणि पाव संपतात, असे ती फोनवर सांगते. त्याच भागासाठी सरकारने एक भलेमोठे ओढजहाज (बंद पडलेली जहाजे दोराने ओढून नेणारे) वर्षभर भाड्याने घेऊन नुसते उभे करून ठेवले आहे, असेही तिच्याकडून कळले. बोट बंद असताना ते जहाज माणसांची ने-आण का करीत नाही? आणि कामच नसेल तर हा खर्च कशासाठी?
— एक वाचक, यडूर परिसर, ता. चिकोडी

उत्तर : आपण कृष्णाकाठचे आहात, म्हणून आपल्याच उंबऱ्यापासून सुरुवात करतो. कल्लोळ-यडूर बंधारा पाण्याखाली गेला की पलीकडे जाणारा माणूस होडीची वाट पाहतो. पण पुरात अडकलेल्यांना काढण्यासाठी काठावर आणून ठेवलेली यांत्रिक बोट त्याला बाजाराला नेऊन सोडत नाही, कारण ती पलीकडे असतानाच एखाद्या मळ्यातून हाक आली तर काय करायचे, हा प्रश्न असतो. ओढजहाजाचे तसेच आहे. शिवाय त्याची रचनाही वेगळी असते. प्रवाशांसाठी त्यात जागा जवळजवळ नसते. असते ती प्रचंड ताकदीची इंजिने, मागच्या बाजूला उघडा डेक आणि जाड तारेचा दोर गुंडाळलेले रहाट. धक्क्यावरच्या पक्क्या खुंट्याला दोर बांधून जहाज किती टन जोराने ओढते, यावर त्याची किंमत ठरते.

अशा जहाजाची गरज कशी पटली, हे 5 जानेवारी 1993 च्या पहाटेने दाखवले. नॉर्वेहून कॅनडाकडे निघालेल्या ‘ब्रेअर’ या तेलवाहू जहाजाच्या डेकवरचे सुटे पाईप वादळात गडगडत राहिले, त्यांनी हवा खेळण्याच्या नळ्या मोडल्या, तेथून समुद्राचे पाणी इंधनात शिरले आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांच्या दक्षिणेस इंजिन बंद पडले. जहाजावरच्या सर्व 34 जणांना हेलिकॉप्टरने उचलले. जहाज मात्र वाऱ्याच्या हवाली झाले. मदतीला निघालेले जहाज पोहोचेपर्यंत किनारा जवळ आला होता, दोर जोडण्याचा प्रयत्न फसला आणि दुपारच्या आतच ‘ब्रेअर’ खडकावर चढले. त्यातले सुमारे 85,000 टन कच्चे तेल समुद्रात गेले. इंजिन बंद पडल्यापासून खडकावर आदळेपर्यंत साडेसहा-सात तास मिळाले होते. ताकदवान जहाज जवळ असते तर तेवढा वेळ कमी नव्हता. यानंतर न्यायमूर्ती लॉर्ड डोनाल्डसन यांच्या चौकशीचा अहवाल 1994 मध्ये आला आणि ब्रिटनच्या धोक्याच्या किनाऱ्यांवर ओढजहाजे कायम तैनात ठेवण्याची पद्धत सुरू झाली. स्टॉर्नोवे हे त्यांतले एक ठाणे होते.

खर्चाबद्दलची आपली शंका लंडनच्या अर्थखात्यालाही आली होती. ऑक्टोबर 2010 मध्ये खर्चकपातीत ही जहाजे काढून घेण्याचे जाहीर झाले, आणि त्याच आठवड्यात, 22 तारखेला, ब्रिटिश नौदलाची अगदी नवी अणुशक्तीवरची पाणबुडी ‘अस्ट्यूट’ स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील स्काय बेटाजवळ रुतून बसली! तिला सोडवायला धावले ते स्टॉर्नोवेचेच ओढजहाज. त्या गडबडीत दोघांची टक्कर होऊन पाणबुडीचे थोडे नुकसान झाले, हेही सांगायला हवे. पुढे स्कॉटलंडच्या वाट्याला उत्तरेकडील ऑर्कनी बेटांत तळ असलेले एकच जहाज उरले. ऑगस्ट 2016 मध्ये ओढून नेला जात असलेला 17,000 टनांचा तेलविहिरीचा तराफा दोर तुटून लुईसच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळला, तेव्हा पश्चिमेलाही एक जहाज परत द्या, ही मागणी पुन्हा जोरात झाली. मला ती रास्त वाटते. वर्षातून किती वेळा दोर टाकला, एवढेच मोजून अशा जहाजाचा हिशेब मांडता येत नाही.

एक गोष्ट पुतणीला जरूर सांगा. तिची फेरीबोटही या जहाजाच्या भरवशावर असते. प्रवाशांनी भरलेल्या बोटीचे इंजिन मध्येच बंद पडले, तर तिला खडकांपासून दूर धरून ठेवणारे कोणीतरी लागते. मात्र दोन्हींचे धनी वेगळे आहेत : ओढजहाज लंडनच्या सरकारचे, फेरीबोटी एडिंबराच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या सरकारच्या. वरच्या राज्यात धरणाचे दरवाजे उघडतात आणि पाणी खालच्या राज्यात चढते, हे पाहिलेल्या आपल्या लोकांना यातली अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

प्रश्न : आमच्या जंगलातल्या गावाची बस ‘परवडत नाही’ म्हणून कमी केली. त्या बेटांच्या बोटी कशा परवडतात?
— एक शिक्षक, ता. खानापूर

उत्तर : परवडत नाहीतच, सरकार तूट भरून काढते. लुईस ज्यांत मोडते त्या हेब्रिडीज बेटांकडे जाणाऱ्या बहुतेक मार्गांवर ‘कॅलमॅक’ ही सरकारी मालकीची कंपनी बोटी चालवते. 2008 पासून पश्चिमेकडील बेटांसाठी एक तत्त्व लागू झाले : तेवढेच अंतर रस्त्याने गाडीतून कापायला जो खर्च आला असता, त्याच्याशी बोटीचे भाडे जोडायचे. भाडी उतरली, पण पर्यटकांच्या गाड्या इतक्या वाढल्या की उन्हाळ्यात बेटावरच्याच माणसाला स्वतःच्या गाडीसाठी जागा मिळेना. त्यात बोटी जुन्या झालेल्या. 2015 साली 9 कोटी 70 लाख पौंडांत ठरलेल्या दोन नव्या बोटींपैकी पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, 2018 मध्ये यायची होती. ती प्रवाशांना घेऊन निघाली जानेवारी 2025 मध्ये, आणि खर्च तोवर कित्येक पटींनी वाढला होता.