भांडण उंबरठ्यावर होते

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. मुलगा पहाटे साडेपाचला उठतो, रात्री अकरापर्यंत थांबत नाही, आणि आई म्हणून आपण कमी पडतो, असे तू लिहिले आहेस. यातले शेवटचे मला मान्य नाही, म्हणूनच सविस्तर लिहायला बसले आहे.

काही मुले उपजतच जोरकस असतात. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ साली एक अभ्यास सुरू केला आणि मुलांना तान्ह्या वयापासून वर्षानुवर्षे पाहिले. मूल किती हालचाल करते आणि किती तीव्रतेने रडते-हसते, यांतले फरक अगदी लहानपणापासून दिसतात, आणि पुढे कसे होते हे त्या स्वभावाशी घरादाराचा मेळ कसा बसतो यावर पुष्कळ अवलंबून असते, असे त्यांनी मांडले. बालवाडीत इतकी वर्षे काढल्यावर मीही तेच सांगेन. तुझ्या लाडामुळे तो असा झालेला नाही, त्यामुळे धाक वाढवून तो बदलणारही नाही.

तू आठवडाभराची टिपणे पाठवलीस हे फार चांगले केलेस. मी ती दोनदा वाचली. आंघोळीच्या बादलीतून बाहेर काढताना, मैदानावरून घरी आणताना, टीव्ही बंद करताना आणि पाळणाघराच्या दारात असे चारच प्रसंग त्यात पुन्हा पुन्हा येतात. खेळताना तो भांडत नाही, जेवतानाही नाही. एक गोष्ट सोडून दुसरीकडे जायच्या उंबरठ्यावर त्याचा तोल जातो. दिवसभर त्याला आवरण्याच्या प्रयत्नात तू थकून जातेस, त्याऐवजी तुझी शक्ती या चार उंबरठ्यांसाठी राखून ठेव.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना आम्ही परळला चाळीत राहत होतो. एका संध्याकाळी दूध आणायला निघायचे होते आणि तो जिन्याच्या लाकडी कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ओरडत होता. मी त्याची बोटे एकेक करून सोडवली आणि चारचौघांत त्याच्या गालावर चापट मारली. नंतर खाली पाहिले, तर प्रत्येक पायरीवर त्याने बाटलीचे एकेक बूच मांडले होते आणि शेवटच्या दोनच पायऱ्या रिकाम्या होत्या. अर्धा मिनिट थांबले असते तर काम झाले असते. ती चापट मी आजही विसरलेले नाही. त्यानंतर मी आधी तो काय करतो आहे ते पाहू लागले आणि मग निघायचे बोलू लागले.

त्या वयाला ‘पाच मिनिटांनी निघू’ याला अर्थ नसतो. ‘अजून तीन वेळा घसरगुंडी’ याला असतो, कारण तीन त्याला मोजता येतात. शिवाय पुढच्या गोष्टीत त्याला काम दे. घराची किल्ली त्याच्या हातात असेल आणि कुलूप त्यालाच उघडायचे असेल, तर मैदान सोडणे त्याला सोपे जाते. बाजारातून येताना किलोभर बटाट्यांची पिशवी त्याला उचलू दे. ओझे वाहिले, पीठ मळले, बादली ओढली की अशी मुले शांत होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

आता झोपेबद्दल, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून १० ते १३ तास झोप हवी आणि दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटे चांगली दमवणारी. तुझा मुलगा रात्री साडेसहा तास आणि पाळणाघरात दीड तास झोपतो, म्हणजे आठच. झोप अपुरी पडलेले मूल बहुतेकदा मलूल होत नाही, ते अधिकच उधळते. त्याचे बाबा कर्जत लोकलने साडेनऊला घरी येतात आणि मग गादीवर कुस्ती सुरू होते, असे तू लिहितेस. दिवसभर मुलाला न पाहिलेल्या बापाची ओढ मी समजू शकते, पण ती कुस्ती सकाळी हलवा. मुलगा साडेपाचला उठतोच. सहा वाजता दोघांनी मैदानावर जावे. रात्री बाबांनी दिवा मंद करून गोष्ट सांगावी. निजायची वेळ एकदम बदलू नकोस, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आण.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी बोर्डीच्या परिसरात मुले शाळेत येत नाहीत हे पाहिल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. चौथ्या मजल्यावरच्या तुझ्या घराला अंगण नाही, आणि पावसाळ्याचे चार महिने मैदानही हाताशी नसते. मग एका भिंतीलगत जुनी गादी घाल. उड्या तिथेच मारायच्या, असे ठरव. खालच्या मजल्यावरच्या आजींची तक्रार येण्याआधी मुलाला घेऊन तूच त्यांच्याकडे जा आणि दुपारी दोन ते चार उड्या बंद राहतील असे सांग. खिडकीच्या ग्रिलजवळ पलंग किंवा खुर्ची मात्र अजिबात ठेवू नकोस.

हा आजार आहे का, असे तू विचारले आहेस. ते पत्रातून ठरत नाही. हीच अस्वस्थता घरी आणि बालवाडीतही दिसत असेल, सहा महिन्यांहून अधिक टिकली असेल आणि त्याच्या शिकण्याच्या, मित्र जोडण्याच्या आड येत असेल, तर बालविकासतज्ज्ञांना अवश्य दाखव. सहा वर्षांखालील मुलांसाठी बहुधा आधी आईवडिलांनाच वागण्याच्या पद्धती शिकवतात, औषध नंतर. म्हणून जायला घाबरू नकोस.

राहता राहिलीस तू. गेल्या दोन वर्षांत सलग तीन तास एकटी झोपल्याचे आठवत नाही, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकले आहेस. येत्या शनिवारी दुपारी दोनला मुलाला दादरला माझ्याकडे सोड. येताना त्याच्या आवडीची बादली घेऊन ये. गच्चीवर पाणी आहे, कुंड्या आहेत आणि मला घाई नाही. तू आतल्या खोलीत झोप. सहा वाजता चहा करून उठवीन.

तुझ्या बाई