दयामरण, इच्छामरण आणि 'सोडवलं': कुठे काय म्हणावे?

प्रश्न: अंथरुणाला खिळलेल्या पत्नीचे हाल बघवेनात म्हणून पतीने तिचा जीव घेतला, तर एक वर्तमानपत्र 'इच्छामरण' म्हणते आणि दुसरे 'दयामरण'. हे शब्द समानार्थी आहेत का? या बातमीत कोणता बरोबर?

उत्तर: समानार्थी नाहीत, आणि या बातमीत दोन्ही चुकीचे आहेत.

'इच्छामरण' म्हणजे इच्छेने आलेले मरण. इच्छा मरणाऱ्याची. 'दयामरण' म्हणजे दयेपोटी आलेले मरण. दया दुसऱ्याची, कारण स्वतःवर दया करून कोणी दयामरण घेत नाही. मग हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता कसे येतील? एकात रुग्णाचे मन आहे, दुसऱ्यात बघणाऱ्याचे. हात कोणाचा, हे मात्र दोन्हींत दिसत नाही. 'मृ' धातूपासून 'मरण' होते आणि त्याच्या प्रयोजक रूपापासून 'मारण'. व्याकरणाने 'दयामारण' अधिक प्रामाणिक ठरले असते, पण 'जारण-मारण' या जोडीमुळे तो शब्द जादूटोण्याकडे गेला. त्यामुळे मारणारा समासातून गळला आणि मरण जणू आपोआप आले असे वाटू लागले.

'इच्छामरणी' हे जुने विशेषण भीष्मांचे. शंतनूने दिलेल्या वरामुळे मरणाची वेळ त्यांच्या हाती होती, म्हणून शरपंजरी पडूनही ते उत्तरायणापर्यंत थांबले. दुसऱ्याने येऊन आपल्याला मारावे, असा अर्थ त्यात नव्हता. प्रायोपवेशन आणि जैनांची सल्लेखना यांतही अन्न सोडणारा तोच आणि मरणाराही तोच. १९६६मध्ये सावरकरांनी आणि १९८२मध्ये पवनारला विनोबांनी अन्न-औषध सोडले, त्याला दयामरण म्हणता येत नाही.

आता कायदा. भारतात जीव घेणारे इंजेक्शन डॉक्टरलाही देता येत नाही, नातेवाइकाला तर नाहीच. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०१चा पाचवा अपवाद (पूर्वीच्या दंड संहितेत कलम ३००चा) असा : मरणारी व्यक्ती १८ वर्षांहून मोठी असेल आणि तिने स्वतः संमती दिली असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरतो. म्हणजे गुन्हा राहतोच, फक्त प्रकार बदलतो. तोही बदलतो तो इच्छेमुळे. दयेसाठी वेगळा अपवाद नाही. पत्नीने काही मागितले नव्हते आणि पतीला तिची कीव आली, एवढेच असेल तर तो खुनाचा आरोप आहे. तिच्या सांगण्यावरून तिला मरण्यासाठी औषध आणून दिले आणि ते तिने स्वतः घेतले, तर कलम १०८, आत्महत्येस अपप्रेरणा.

खरा घोळ 'निष्क्रिय दयामरण', म्हणजे जीवरक्षक उपचार थांबवून येऊ दिलेले मरण, या जोडीने केला. केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३मध्ये हल्ला झाला. त्यानंतर त्या ४१ वर्षांहून अधिक काळ तिथेच अंथरुणावर होत्या. त्यांचे अन्न थांबवावे ही याचिका सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली. मात्र त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने जीवरक्षक उपचार काढण्याची वाट मोकळी केली. अरुणा काही बोलू शकत नव्हत्या. तरी मथळ्यांत 'इच्छामरण' आले. ज्यांची इच्छा कळणेच शक्य नव्हते, त्यांच्या नावापुढे तो शब्द लागावा ही मोठी चूक होती. जगवण्याची बाजू त्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांनी लावून धरली होती, हेही त्या शब्दाने झाकले.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८च्या निकालाने इच्छा खरोखर मध्ये आणली : सन्मानाने मरणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानून आगाऊ लेखी निर्देशाला, म्हणजे कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली. त्याला 'वैद्यकीय इच्छापत्र' म्हणतात. इथेही जपून, कारण नुसते 'इच्छापत्र' म्हणजे मृत्युपत्र आणि ते मेल्यावर लागू होते. हे मरणापूर्वी, बोलणे थांबल्यावर लागू होते. २०२३च्या सुधारणेनुसार ते सज्ञान, शुद्धीवरच्या व्यक्तीने दोन साक्षीदारांसमोर करायचे आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्यायचे. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्याचे नाव त्यात घालायचे. वेळ आल्यावर रुग्णालयाची दोन वैद्यकीय मंडळे एकामागून एक तपासतात. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. उपचार काढण्यापूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते.

शब्द चुकला तर इथे कागदच वाया जातो. 'मला इच्छामरण द्यावे' या वाक्याने डॉक्टरला काहीच करता येत नाही, कारण ते देण्याची मुभा त्याला नाही. लिहायचे ते असे : 'बरे होण्याची आशा नसेल तर व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, छाती दाबून हृदय पुन्हा सुरू करू नये, डायलिसिस करू नये, वेदना कमी करणारे उपचार मात्र चालू ठेवावेत.' नळीने अन्न द्यायचे की नाही हे वेगळे लिहावे, कारण घरात सर्वांत जास्त वाद त्यावरच होतो. उपचार थांबवल्यावर माणूस आजाराने मरतो. म्हणून 'उपचार थांबवणे' हेच नाव बरे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही २०१८च्या परिभाषेत 'निष्क्रिय' हा प्रकार कालबाह्य ठरवला आहे.

बोलीभाषा या बाबतीत फार सावध आहे. 'सुटली बिचारी' म्हणतो तेव्हा 'सुटणे' अकर्मक असते, सोडवणारा कोणी लागत नाही. 'सोडवणे' आले की सोडवणारा लागतो आणि आपण तो मान देवाला देतो : 'देवाने सोडवलं'. 'मी तिला सोडवलं' हे वाक्य माणसाच्या तोंडी आले की ऐकणारा दचकतो. ते दचकणे योग्यच आहे, असे मला वाटते.

आणखी एक जोडी पाहा. 'हाल बघवत नाहीत' आणि 'हाल सोसवत नाहीत'. पहिल्यात असमर्थ बघणारा आहे, दुसऱ्यात रुग्ण. दयेपोटी जीव घेणाऱ्यांच्या तोंडी बहुतेक पहिलेच वाक्य असते. त्यांचे प्रेम खोटे नसते. वर्षानुवर्षे कूस बदलून देणाऱ्या, शी-शू काढणाऱ्या माणसाचा थकवा आणि दया एकमेकांत अशी मिसळतात की त्याला स्वतःलाही वेगळी करता येत नाहीत. पण थकव्यावर उपाय बदली माणूस, वेदनांवर उपाय मॉर्फीन. त्यासाठी पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांचे, डॉक्टर शोधावे लागतात. रुग्ण स्वतः 'आता सोसवत नाही' म्हणत असेल, तर आधी विचारायचे ते हे : कुठे दुखते, भीती कशाची वाटते, आपण ओझे झालो असे वाटते का? यातल्या बऱ्याच गोष्टींना उत्तर मिळते. मिळत नाही तिथे मात्र नैतिक प्रश्न खरोखर कठीण होतो, आणि नेदरलँड्सने २००२पासून तिथेच, रुग्णाच्या स्वतःच्या मागणीवर आणि फक्त डॉक्टरांच्या हातून, दार उघडले. तिथल्या घटनेला 'इच्छामरण' शोभते.

तुमच्या बातमीत शब्द असा असावा : 'दयेपोटी पत्नीची हत्या केल्याचा पतीचा दावा'. पत्नीने तसे सांगितल्याचा पुरावा पुढे आला, तर 'पत्नीच्या सांगण्यावरून' हे जोडावे. तोवर 'इच्छा' हा शब्द तिच्या नावावर टाकू नये.