आधी हुकूम वाच

प्रिय पोरी,

देव मानणाऱ्यांनी जास्त माणसं मारली की न मानणाऱ्यांनी, या वादासाठी केलेलं तुझं टिपण दोनदा वाचलं. मधोमध रेघ, डावीकडे देव मानणारे हुकूमशहा, उजवीकडे न मानणारे, आणि खाली मेलेल्यांची बेरीज. वादविवाद स्पर्धेत टाळ्या मिळतील, पण त्या बेरजेने मला रात्री झोप लागली नाही.

मी देव मानत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच सांगते, स्टालिनला आपल्या रकान्यातून हळूच खोडू नकोस. तरुणपणी तो तिफ्लिसला (जॉर्जियातलं आजचं त्बिलिसी) पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात शिकला, ही पळवाट नको. त्याच्या राज्यात चर्च सुरुंग लावून पाडली गेली आणि पाद्री पाद्री होते म्हणून मारले गेले. एवढं कबूल करूनच पुढे बोल. आणि जर्मन सैनिकाच्या बकलावर ‘देव आमच्यासोबत’ असं कोरलेलं असे, तेवढ्यावरून हिटलरला भाविकही ठरवू नकोस.

आता ३० जुलै १९३७ चा एनकेव्हीडीचा, म्हणजे स्टालिनच्या सोव्हिएत गुप्त पोलिसांचा, हुकूम वाच, क्रमांक ००४४७. त्यात शत्रूंची जंत्री आहे : कुलाक, म्हणजे सधन शेतकरी, म्हणून शिक्का बसलेले लोक, गुन्हेगार, जुन्या पक्षांचे लोक, चर्चची माणसं. जंत्रीपेक्षा मला त्यातले प्रांतवार आकडे भयंकर वाटतात. मॉस्को प्रांत : पहिला वर्ग ५,०००, दुसरा वर्ग ३०,०००. पहिला वर्ग म्हणजे गोळी, दुसरा म्हणजे आठ ते दहा वर्षं छावणी. आकडा आधी ठरला, माणसं नंतर शोधायची होती! तिघांचं मंडळ आरोपीला समोर न आणताच निकाल देई. आणि ठिकठिकाणचे अधिकारी वर पत्रं पाठवून आकडा वाढवून मागत होते. या एका हुकुमाखाली वर्ष-सव्वा वर्षात सुमारे ३ लाख ८७ हजार माणसं गोळीने मेली. पाद्र्याचं नाव यादीत का आलं, याचं उत्तर निरीश्वरवादात सापडतं. पण यादी भरलीच पाहिजे, हे कुठून आलं?

ते निरीश्वरवादातून आलं नाही, याचा पडताळाही इतिहासानेच ठेवलाय. जर्मनीशी युद्ध चालू असताना, ४ सप्टेंबर १९४३ ला, स्टालिनने चर्चच्या तीन वरिष्ठांना क्रेमलिनमध्ये बोलावलं आणि चर्चचा नवा प्रमुख (पॅट्रिआर्क) निवडायला मोकळीक दिली. सरकारचा देवाशी तह झाला म्हण. सहा महिनेही झाले नाहीत, तोच फेब्रुवारी १९४४ मध्ये कॉकेशसमधल्या चेचेन आणि इंगुश जमातींची मिळून जवळपास पाच लाख माणसं, म्हातारी-पोरांसकट, मालगाड्यांत भरून मध्य आशियाकडे हाकलली. देवाबद्दलचं धोरण बदललं, गाड्या भरणारं यंत्र तेच राहिलं.

एक गोष्ट मात्र तुझ्या टिपणात मला हवीच आहे. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत धर्माचा प्रश्न होता. भीती दाराशी उभी असतानाही सोळा वर्षांवरच्या निम्म्याहून जास्त लोकांनी ‘श्रद्धाळू’ असं लिहून दिलं. त्यांचं धैर्य वाचून मला, नास्तिक बाईला, गहिवरून आलं. त्याच जनगणनेत देशाची लोकसंख्या अपेक्षेपेक्षा कितीतरी कमी भरली, कारण १९३२-३३ च्या दुष्काळात लाखो शेतकरी मेले होते. सरकारने त्यांच्या घरातलं धान्य वसुलीसाठी उचलून नेलं होतं. निकाल दडपले. ओलिम्पी क्वित्किन त्या जनगणनेचं काम पाहत होता. त्याला मार्चमध्ये पकडलं आणि सप्टेंबरमध्ये गोळी घातली. तो देव मानत होता की नाही, हे त्याला मारणाऱ्यांच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं होतं. त्याने मोजून आणलेला आकडा वर नको होता.

टिपण फाडू नकोस. मधली रेघ तेवढी खोड, आणि प्रत्येक नावापुढे लिही : आकडा कोणी ठरवला, यादी कोणी भरली, खरं सांगणाऱ्याचं काय झालं. क्वित्किनपासून सुरुवात कर. रविवारी सकाळी ये, मी घरीच आहे.

तुझी,
बाई