ब्रेकच्या डिस्कवरचा गंज आणि बाबांची फियाट

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माहीमला समुद्राच्या बाजूला उघड्यावर उभी असणारी, फक्त शनिवार-रविवारी निघणारी सहा वर्षांची हॅचबॅक. पावसाळ्यात चाकाच्या फटीतून ब्रेकची डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी तबकडी) तांबडी दिसते, पहिल्या ब्रेकला खर्र आवाज येतो, आणि गॅरेजवाला म्हणतो की पुढच्या डिस्क, त्यांना दाबून धरणारे पॅड, मागच्या ब्रेकचे लायनर, सगळंच बदलून टाका. वर तुम्ही विचारलंय की बाबांच्या फियाटला असलं कधी झालं नाही, मग एखादी पद्मिनीच (त्याच फियाटचं नंतरचं नाव) शोधावी का? हे गमतीत विचारलेलं वाटत नाही, त्यामुळे त्याचंही उत्तर देतो. पण आधी डिस्क.

डिस्क बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची असते. पॅड जिथे घासतात तिथे रंग टिकणार नाही, म्हणून तो भाग उघडाच ठेवावा लागतो. उघडं बीड आणि मुंबईची हवा एकत्र आली की एका रात्रीत तांबडा थर येतो, नव्या गाडीलाही येतो. समुद्राजवळ तो जास्त येतो याचं कारण मीठ. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं तेच इथे धातूवर घडतं. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे आर्द्रता बहुतेक वेळ ८० च्या वरच असते. म्हणजे वाऱ्याने चाकांवर आणून बसवलेला खारा थर पाऊस थांबला तरी वाळत नाही. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि गाड्या खालून सडतात. आपल्याकडे कोणी टाकत नाही, वाराच आणून देतो.

हा वरवरचा थर पाच-सहा ब्रेकमध्ये पॅडच खरवडून काढतात. आवाज थांबला आणि डिस्क पुन्हा चकचकीत झाली तर काहीही बदलू नका. त्यावर गंज काढायचा स्प्रे मात्र चुकूनही मारू नका. असे स्प्रे तेलकट असतात, तेल पॅडमध्ये मुरतं आणि मग खरंच पॅड बदलावे लागतात. डिस्कला फक्त ब्रेक क्लीनर चालतो.

काळजी कधी करायची? भरपूर चालवूनही डिस्कवर काळपट पट्टे किंवा खड्डे राहिले, पेडल पायाखाली थरथरलं, गाडी ब्रेकला एका बाजूला खेचली, किंवा फेरी मारून आल्यावर एकाच चाकाला बाकीच्यांपेक्षा जास्त धग जाणवली, तर. (धग लांबूनच बघा, रिमला हात लावू नका.) डिस्कच्या कडेला उभी कड आली असेल तर जाडी मोजून घ्या. किमान जाडी बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते. त्याच्या खाली गेली असेल तर बदलायची, वर असेल तर गॅरेजवाल्याला आकडा दाखवायचा.

तुमच्यासारख्या कमी चालणाऱ्या गाडीत खरं दुखणं बहुधा डिस्कचं नसतं, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) पिनांचं असतं. लहान गाड्यांत पिस्टन एकाच बाजूला, आतून असतो. तो आतला पॅड दाबतो आणि मग अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिनेवरचं रबर फाटलं, आत पाणी गेलं, पीन गंजून अडकली की सगळा भार आतल्या पॅडवर. बाहेरून बघाल तर पॅड निम्मा शिल्लक, डिस्क सुरेख, आणि आत पॅडची पाठ लोखंडावर घासायला आलेली. चाक काढल्याशिवाय हे दिसत नाही. मेकॅनिकला सांगा: चाक उतरव, पिना ओढून काढ, साफ कर, रबर बघ आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लाव. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि पीन पुन्हा अडकते. तासाभराचं काम आहे. सगळं बदलायचं अंदाजपत्रक देणाऱ्याला त्यात रस नसतो, हा भाग वेगळा.

ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं? नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही, ग्लायकॉलचं द्रव्य आहे, आणि हवेतलं पाणी शोषून घेतं. नवं डॉट ३ (प्रत डब्यावर लिहिलेली असते) किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ती हद्द १४० पर्यंत खाली येते. डॉट ४ ला तेच आकडे २३० आणि १५५. बोरघाट उतरताना पेडल मऊ लागतं ते बऱ्याचदा यामुळे. शिवाय तेच पाणी ब्रेकचे सिलिंडर आतून गंजवतं. गाडी चालो न चालो, दोन वर्षांनी बदलाच.

आता हँडब्रेक. तुमच्या गाडीला मागे ड्रम असणार, म्हणजे डिस्कऐवजी चाकाबरोबर फिरणारा बंद डबा आणि त्याला आतून घासणारे लायनर. गाडी धुतली, ओल्या चाकांनी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि आठवडाभर तशीच ठेवली, की लायनर ड्रमला चिकटतो. शनिवारी सकाळी पहिल्या गिअरला ‘खाड्’ आवाज होतो तो हाच. सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी पाचर लावा, हँडब्रेक सोडा. स्टॅक पार्किंग (एकावर एक गाड्या ठेवायची यंत्रणा) किंवा उतार असेल तर मात्र हँडब्रेक हवाच, तिथे शहाणपणा करू नका. धुतल्यावर आणि पावसातून आल्यावर गाडी जागेवर लावण्यापूर्वी गल्लीत एक फेरी मारून चार-पाच वेळा ब्रेक दाबला की डिस्क आणि ड्रम दोन्ही बऱ्यापैकी वाळतात. भरतीच्या वेळी वरळी सीफेस किंवा मरीन ड्राइव्हवर लाटेचं पाणी अंगावर आलं असेल तर घरी येऊन चाकं गोड्या पाण्याने धुवा. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत ओल कोंडते. आणि आठवड्यातून एकदा इंजिन नुसतं चालू करून ठेवल्याने ब्रेकला काडीचाही फायदा नाही. गाडी चालली पाहिजे. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनाही हे लागू आहे. मोटरच वेग कमी करते, ब्रेक क्वचित वापरला जातो, आणि डिस्क नुसती गंजत राहते.

फियाटकडे येतो. माझी उमेदीची वर्षं लालबागच्या एका गॅरेजात काळ्या-पिवळ्या फियाटखाली गेली, म्हणून त्या गाडीबद्दल मला प्रेम आहे, भ्रम नाही. बाबांच्या गाडीला डिस्क गंजायचा त्रास नव्हता कारण डिस्कच नव्हती. चारही चाकांना ड्रम, गंज आत झाकलेला. व्हील सिलिंडर (ड्रममध्ये लायनर बाहेर ढकलणारे) आतून खड्डे पडून गळायचे, ऑइल लायनरवर यायचं, गाडी ब्रेकला एकीकडे पळायची. पावसात दादरच्या हिंदमाताला तुंबलेल्या पाण्यातून गेलं की ड्रममध्ये पाणी शिरायचं आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत ब्रेक जवळजवळ नाहीच. ड्रायव्हर डावा पाय ब्रेकवर हलका टेकवून ड्रम वाळवत जायचे. पत्रा जाड होता हे खरं, पण आजच्यासारखा जस्ताचा मुलामा किंवा रंगाच्या टाकीत बुडवून दिलेला अस्तर-थर त्याला नव्हता. पायाखालचा पत्रा सडून रस्ता दिसणाऱ्या फियाट मी पाहिल्यात. वरून लांबी (पुट्टी) भरून रंग मारला की गाडी पुन्हा ‘टकाटक’. ड्रममधली धूळ आम्ही कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायचो. त्या काळच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते कोणाच्या गावीही नव्हतं.

तरी तुमच्या आठवणीत काहीतरी खरं आहे. त्या ड्रमचं अंतर आपोआप जुळत नव्हतं. लायनर झिजला की पेडल खाली जायचं, आणि ठरावीक महिन्यांनी कोणीतरी गाडीखाली शिरून अॅडजस्टर फिरवून ब्रेक टाईट करायचाच. त्या निमित्ताने चाक उतरायचं, गळती दिसायची, पाइपवरचा गंज हाताला लागायचा. आजची गाडी झीज स्वतःच भरून काढते, पेडल वर्षानुवर्षं तसंच लागतं, त्यामुळे आत काय चाललंय ते कळायला निमित्तच उरत नाही. तुमच्या बाबांची गाडी टिकली ती साधी होती म्हणून नव्हे. ती उघडावी लागत होती, म्हणून टिकली. तुमच्या हॅचबॅकलाही तेच करा: दर वर्षी पावसाळा संपला की चारही चाकं काढून तपासणी. ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपांच्या खाली आणि मागच्या चाकांजवळ बघायला सांगा, गंज तिथूनच सुरू होतो. खालून अँटी-रस्ट कोटिंग करून घेणार असाल तर आधी गंज काढून, नाहीतर तो कोटिंगखाली निवांत वाढतो.

बाबांची एक सवय मात्र सोडा. फियाटला दोनदा पेडल मारून ब्रेक लावायचे, कारण पहिल्यांदा ते खाली जायचं. तुमच्या गाडीला एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं अडकू न देणारी यंत्रणा) आहे, २०१९ च्या एप्रिलपासून सगळ्याच नव्या मोटारींना सक्तीचं झालं. अडचणीत एकदाच जोरात दाबायचं आणि दाबूनच ठेवायचं. पायाखाली गडगडलं तरी सोडायचं नाही. दुसऱ्या दाबाला पेडल वर येत असेल तर तो बिघाड आहे, हवा शिरली असेल किंवा मागचे ड्रम सैल झाले असतील.

राहिलं पद्मिनी घेणं. कुर्ल्याला बनणारी ही गाडी २००० च्या सुमारास बंद झाली. शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून गेली. खाजगी गाडी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासून नव्याने नोंदवावी लागते. ५० वर्षांहून जुनी घेऊन व्हिंटेज म्हणून नोंदवलीत तर ती रोजच्या वापराला काढता येत नाही. सुटे भाग ऑपेरा हाउस आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून सापडतात, पण व्हील सिलिंडरचं किट घ्याल तर रबर किती वर्षं दुकानात पडून आहे ते दाबून बघा, तडा दिसला तर परत करा. हौस म्हणून, दुसरी गाडी म्हणून आणि स्वतः हात काळे करायची तयारी असेल तर जरूर घ्या. हॅचबॅकच्या ब्रेकचा वैताग आला म्हणून घेणार असाल तर थांबा, कारण वैताग तिथे जास्त आहे.

तोवर या रविवारी पुढची दोन्ही चाकं उतरवून घ्या आणि आतल्या पॅडचे फोटो टाका. मग सांगतो काय बदलायचं आणि काय नाही.