पाळी पाच दिवस पुढे गेलीय, पण मळमळ नाही. दिवस गेले असतील का?

ताई, तुम्ही लिहिलंय की पाळी पाच दिवस पुढे गेलीय, छाती भरल्यासारखी दुखते, ओटीपोटात कळा येतात, पण मळमळ अजिबात नाही. दिवस गेलेले असू शकतात. मळमळ नाही म्हणून नाही असं धरून चालू नका. ती बहुतेकींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि काहींना शेवटपर्यंत होत नाही. तुमचा हिशोब अजून पाचव्या आठवड्यात आहे.

मी उपकेंद्रावर सिस्टर आहे, रोज हाच प्रश्न ऐकते. छाती दुखणं, पोट फुगणं, दुपारी डोळे मिटणं, उगाच रडू येणं, हे पाळीच्या आधीही होतं आणि दिवस राहिल्यावरही. दोन्ही वेळा अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) वाढलेलं असतं, त्यामुळे लक्षणं सारखीच. फोडणीचा वास नकोसा होणं, सारखं लघवीला जावं लागणं, न संपणारा थकवा, यांवरून शंका घ्यावी एवढंच. खात्री टेस्टनेच होते.

तुमची पाळी चुकली आहे, म्हणजे टेस्ट आत्ताच करता येईल. मेडिकलमधून किट आणा, किंवा गावात असाल तर आशाताईंकडे 'निश्चय' किट मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाका आणि दिलेल्या वेळेत, साधारण पाच मिनिटांत, बघा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरायची, म्हणजे दिवस गेलेत. तासाभराने वाळलेल्या पट्टीवर उमटलेली रेघ मात्र धरू नका. एकच रेघ आली आणि पाळीही आली नाही, तर तीन दिवसांनी पुन्हा करा. टेस्ट लघवीत जे शोधते ते एचसीजी हे संप्रेरक सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, त्यामुळे आज न दिसलेली रेघ तेव्हा दिसू शकते. साखर किंवा मीठ घालून घरी करायच्या चाचण्यांवर विसंबू नका.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण इथेच बायका फसतात. आमच्याकडे एक जण दुसरा महिना समजून आली, सोनोग्राफीत तिसरा संपत आलेला निघाला. तिला पाळीच्या तारखेच्या आसपास दीड दिवस तपकिरी डाग गेले होते, तीच तिने पाळी मोजली. सोबत आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "पॅड तरी लागलं होतं का गं?" लागलं नव्हतं. गर्भ रुजताना असे थोडे डाग काहींना जातात. त्यामुळे नेहमीपेक्षा फारच कमी आणि थोडा वेळ गेलं, तर टेस्ट करून बघा. शेवटची पाळी म्हणून त्याआधीची, नेहमीसारखी आलेली पाळी सांगा. पुढचा सगळा हिशोब तिच्या पहिल्या दिवसापासून 280 दिवसांचा असतो, म्हणजे आपण म्हणतो त्या नऊ महिने नऊ दिवसांच्या जवळपासच. म्हणून पाळी चुकते त्याच दिवशी कागदावर चार आठवडे भरलेले असतात. हे ऐकून घरात उगाच शंका काढणारे नवरे मी पाहिलेत. तुमच्याकडे तसं झालं तर त्यांना हा हिशोब सांगा.

पाळी चुकण्याला पीसीओडी (अंडाशयाचा त्रास), थायरॉईड, ताण, वजनातला फरक अशी कारणंही असतात. टेस्ट दोनदा निगेटिव्ह येऊन पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवा. पाळी आणायच्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका.

ओटीपोटात हलकं दुखणं चालतं. पण एकाच बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं, चक्कर, रक्तस्राव यांपैकी काही झालं, तर टेस्टची किंवा सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. गर्भ नळीत राहिला असेल तर असं होतं आणि त्यात जिवाला धोका असतो. पित्त म्हणून ते अंगावर काढणारी बाई मी पाहिली आहे. ती वाचली, पण फार थोडक्यात.

तोवर फोलिक अॅसिडची रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करायला हरकत नाही. बाळाच्या मेंदू-मणक्याची घडण पहिल्या काही आठवड्यांतच होते. थायरॉईडची किंवा फिटची गोळी चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना लगेच कळवा. उद्या उठल्या उठल्या टेस्ट करा, आणि दोन रेघा आल्या तर शेवटच्या पाळीची तारीख कागदावर लिहून त्याच आठवड्यात नाव नोंदवायला जा.